कडूबाईच्या हातची हवा

कडूबाईचं आणि माझं पटत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढं मी तिचं कौतुक करायला लागलो की लोक म्हणतील, चंद्रभान म्हातारपणी मऊ झाला. मऊबिऊ काही नाही. बाई लय तोंडाळ होती. दवाखान्यात माझ्या आधी दोन वर्षं लागली होती, म्हणून मला शेवटपर्यंत नवशिक्या समजायची. मी कंपाउंडर. पुड्या बांधायच्या, बाटल्या भरायच्या, केसपेपर लिहायचे, मशीन पुसायचं, हे सगळं माझ्याकडं. पण किल्ल्या तिच्याकडं, आणि भांडण तिथंच होतं.

दवाखाना परभणीत, नवरा-बायकोचा. मॅडम बाळंतपणं बघायच्या, साहेब लेकरं बघायचे. कडूबाई राणीसावरगावची. आधीची चार लेकरं दगावली म्हणून तिच्या मायीनं तिचं नाव कडू ठेवलं, मरणानं चाखून थुंकून द्यावं म्हणून. ती जगली, पण नवरा लग्नाच्या तिसऱ्या वर्षी गेला, पोरबाळ काही झालेलं नव्हतं. दिराच्या वावरात खुरपत जन्म काढण्यापेक्षा ती परभणीला आली आणि मॅडमच्या दवाखान्यात फरशी पुसायला लागली. शिक्षण सातवी. पण नजर अशी की फरशी पुसता पुसता सुया उकळणं शिकली, सलाईन लावणं शिकली, आणि पाचव्या वर्षी साहेब स्वतःच म्हणायला लागले, "तान्ह्या लेकराची शीर कडूबाईंना सापडते, मला नाही." तान्ह्याची शीर म्हणजे दोरा. हाताला सापडली नाही की डोक्यावरची बघायची. कडूबाई डोळे मिटून बोटानं चाचपायची आणि म्हणायची, "इथं हाय बगा." तिथंच असायची.

कुणी सिस्टर म्हणलं तर मात्र तिला खपायचं नाही. "सिस्टर त्या कुसुमबाई. त्यांनी कोर्स केलाय. मी कडूबाई." कुसुमबाई आमच्याकडची शिकलेली नर्स, गरीब गाय. तीसुद्धा अडली की कडूबाईलाच हाक मारायची.

एका गोष्टीचं तर कडूबाईला वेडच होतं. सलाईनच्या नळीत हवेचा मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी ती पुढं जायची नाही. नळी डोळ्यांसमोर धरून नखानं टिचक्या मारत बसायची, बुडबुडा वर चढून निघून जाईपर्यंत. लेकराचे मायबाप ताटकळलेले, बाहेर पेशंटची रांग, आणि ही आपली टिकटिक करायलीय. मी म्हणायचो, "काय कडूबाई, सतार वाजवायलाव का?" ती वळूनसुद्धा बघायची नाही. हे एवढ्यासाठी सांगितलं की पुढं जे झालं ते हलगर्जी बाईच्या हातून झालं, असं कुणाला वाटू नये.

चौऱ्याण्णव सालचा जानेवारी. विद्यापीठाचं नामांतर होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. चौकाचौकात पोलीस, एस.टी.चा भरवसा नाही. सोनोग्राफीच्या मशीनला लागते ती जेली संपलेली, आणि औरंगाबादहून येणारं पार्सल कुठं अडकलं देव जाणे. साहेब रोज माझ्यावर चिडायचे, जशी काय ती गाडी मीच अडवून धरलीय.

त्या दिवसांत येडबा धनगराची पोरगी आमच्याकडं भरती होती. येडबाची मेंढरं पेडगावला एका शेतकऱ्याच्या वावरात बसवलेली, खतासाठी. तिथंच पालावर त्याची बायको कासाबाई बाळंत झाली. नवव्या दिवशी पोरगी तापली आणि प्यायची थांबली. साहेबांनी बघितलं, रक्तात जंतू झालेत म्हणले, आणि डोक्यावरच्या शिरेतून सलाईन आणि औषध चालू केलं. येडबा मेंढरांमागं गेला. इथं राहिल्या कासाबाई आणि तिची सासू नर्मदाबाई. म्हातारी म्हणजे वाळलेलं लाकूड, पण आवाज असा की माळावरची मेंढरं जागची वळावीत.

साहेबांचं आणि तिचं टाळूवरून रोज वाजायचं. म्हातारी करडीच्या तेलाची बाटली कमरेला खोचूनच आली होती. साहेब म्हणायचे, "आजी, टाळूवर तेल थापू नका. धूळ बसते, जंतू होतात."

"आरं बाबा, टाळू भरली न्हाई तर डोस्कं भरंल का? तुजी कुणी भरली न्हाई वाटतं." असं तोंडावर म्हणायची, आणि साहेब हसू दाबून निघून जायचे.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पोरगी थोडं थोडं प्यायला लागली. आता आठवडाभर औषध झालं की घरी, असं साहेब म्हणून गेले. त्याच दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला सलाईनची नळी बंद पडली. कडूबाईनं नवी नळी घेतली. नवी नळी कोरडी असते, म्हणजे आत हवा असते. ती आधी सलाईननं भरून घ्यायची, हवा बाहेर काढायची, मगच लेकराला जोडायची. हे तिला सांगायला नको, तिनंच कुसुमबाईला शिकवलेलं.

आणि नेमकी तेव्हाच मला कपाटाची किल्ली सापडेना. बाहेर माणसं औषधासाठी खोळंबलेली. मी दारातनंच ओरडलो, "ओ कडूबाई! किल्ली काय पदराला बांधून फिरायलाव? आमी दवाई काय मंतरून द्यावी का?"

ती वळली. दोन शब्द तिनं मला सुनावले, चार मी तिला. त्या भरात नळी तशीच जोडली गेली आणि तिनं पिचकारीनं औषध ढकललं. किल्ली माझ्याच खिशात होती, ते नंतर कळलं.

पोरगी ताठली. मग निळी पडली. कासाबाईनं अशी किंकाळी फोडली की रांगेतली माणसं आत घुसली. साहेब पळत आले, तोंडावर रबराचा फुगा लावून श्वास दिला, ऑक्सिजन लावला. दोन मिनिटं गेली असतील, मला दोन तास वाटले. श्वास परत आला, पण पोरगी शुद्धीवर येईना. डोळा उघडेना, रडेना, तोंडात बोट दिलं तरी चोखेना. चिंधीवानी पडून राहिली.

साहेब म्हणले, "डोकं बघू. मशीन आणा."

मशीन मॅडमचं, पोटातलं बाळ बघायचं. पण साहेब बाहेरून शिकून आले होते की तान्ह्याचा मेंदूही त्यात दिसतो. टाळूवर हाड जुळलेलं नसतं, तिथं ती मुठीत मावणारी कांडी टेकवायची की आतलं सगळं पडद्यावर. फक्त मधी जेली लागते, नाहीतर काहीच दिसत नाही. आणि जेली तर नव्हती. साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी भिंतीला चिकटलो. मग एकदम म्हातारीकडं वळले. "आजी, तेलाची बाटली द्या."

"आता कामून? रोज तर वरडता!"

"आज भरा टाळू. चांगली भरा."

रडता रडता म्हातारीनं बाटली उपडी केली. साहेबांनी त्या तेलावर कांडी टेकवली. मी मशीन धरून उभा होतो म्हणून मलाही दिसलं. काळ्या-करड्या पडद्यावर, मधोमध, पांढरे चमकणारे ठिपके. काळ्या वावरात ज्वारी सांडावी तसे. साहेब लय वेळ बघत राहिले. कधी म्हणले रक्त साकळलंय, कधी म्हणले जंतूंनीच मेंदू धरलाय. शेवटी घाम पुसून म्हणले, "मला इथं कळणार नाही. औरंगाबादला न्यावं लागेल. चंद्रभान, जीप बघा."

औरंगाबाद म्हणजे पाच तास, ते दिवस तसले, आणि लेकरू असं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी बाहेर आलो तर बोळात कडूबाई, हातात ती नळी.

"चंद्रभानभाऊ, नळी भरली न्हाई मी."

मला सगळं एका दमात कळलं. आणि मी काय म्हणलो? मी म्हणलो, "गप बसा. कुणी बघितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. लेकराला ताप होताच, लोक तापावर घालतील."

"आन साहेब तिला जीपमधी घालतील. वाटंतच गेली तर?"

"हात दाखवून अवलक्षण कशाला, बाई? तुमची नोकरी जाईल. लोक दवाखाना फोडतील."

 हाक कुणी मारली होती हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मला वाटलं, आता माझं नाव घेणार. ती नळी घेऊन आत गेली. मी जीप बघायलाही गेलो नाही, दारातच उभा राहिलो. आत साहेब आणि कुसुमबाईच होते, सासू-सुनेला बाहेर बसवलं होतं. लाज वाटते सांगायला, पण त्या घडीला मला पोरीपेक्षा माझी जास्त फिकीर होती.

"साहेब," ती म्हणाली, "नवी नळी मी भरली न्हाई. त्यातली हवा माज्या हातानं आत गेली."

माझं नाव काही आलं नाही.  मला वाटलं, आता साहेब कानाखाली वाजवतात. पण ते झटकन मशीनकडं वळले, पुन्हा तेल घातलं, पोरीचं डोकं हलक्या हातानं थोडं कलतं केलं. पडद्यावरचे ठिपके सरकले. पुन्हा उलट्या बाजूनं कलतं केलं, पुन्हा सरकले, वरच्या अंगाला गोळा झाले.

"हवाच आहे," साहेब म्हणले. "साकळलेलं रक्त असं पळत नाही. बुडबुडा असतो तोच वर जातो. मेंदूच्या शिरेत हवा आहे." आणि मग माझ्यावर ओरडले, "ती जीप थांबवा!" जीप बोलावलीच नव्हती, पण मी "हो साहेब" म्हणलं.

त्यांनी पोरीला डाव्या कुशीवर घातलं, ऑक्सिजन वाढवला, डोक्यावरची सुई काढून टाकली. "हवा थोडी असेल तर रक्तात आपोआप विरघळते. जास्त असेल तर..." त्यांनी घड्याळ बघितलं. "तीन तासांनी पुन्हा बघू. कडूबाई, तुम्ही आता सांगितलं नसतं तर मी हिला पाच तास खड्ड्यांतून हादरत पाठवलं असतं. पण आज सुईला हात लावू नका."

"आज न्हाई, आता कधीच न्हाई," ती म्हणाली, आणि सुयांचा ट्रे कुसुमबाईच्या हातात देऊन मोकळी झाली. कुसुमबाईच रडायला लागली.

साहेब म्हणले, आजीला मी सांगतो. कडूबाई म्हणाली, माजी चूक, मीच सांगते. आणि इथं आणखी घोळ झाला. ती म्हातारीपुढं उकिडवी बसली आणि म्हणाली, "आजी, माज्या हातानं तुमच्या लेकराच्या डोस्क्यात हवा गेली."

आता आमच्याकडं डोक्यात हवा गेली म्हणलं की माणूस माजला असं समजतात. बारा दिवसांची पोर काय माजणार! आणि नुसती हवा म्हणलं की बाहेरची हवा, म्हणजे भूतबाधा. म्हातारीनं तीच धरली. आधीच कडूबाई विधवा, पोर ना बाळ, नाव कडू. म्हातारी ताडकन उठली. "तुजी हवा लागली व्हय गं? आगं माय माय माय! कासा, उचल लेकरू! देवगाव फाट्याला जाणता हाय, त्यो उतरवील. हितं एक घडी ठिवायची न्हाई!"

कासाबाई खरंच लेकराकडं धावली. ऑक्सिजन काढला असता तर खेळ खलास. साहेबांनी आडवा हात घातला, म्हातारी त्यांनाही ढकलायली. मी मधी पडलो तर मला एक रट्टा बसला. तेवढ्यात कडूबाईनं पेलाभर पाणी आणलं, तसलीच एक कोरडी नळी त्यात बुडवली आणि दुसऱ्या टोकाला पिचकारी लावून दट्ट्या दाबला. पाण्यात बुडबुडे आले, गुडगुड करत.

"ही हवा, आजी. भुताची न्हाई. असल्या नळीतली. मी ध्यान दिलं न्हाई म्हून गेली."

म्हातारी पेल्यात बघत राहिली. जन्म मेंढरांत गेलेला. म्हणाली, "म्हंजी कवळा चारा खाऊन मेंढरू फुगतंय, तसली हवा?"

"तसलीच."

"मंग टोचून काढा की! आमी कुशीत सुई घालतो, फुस्स करून जाती."

साहेबांनी तिला खाली बसवलं. डोक्यात तसं टोचता येत नाही, खडीसाखर तोंडात विरघळते तशी ही हवा रक्तात विरघळायची वाट बघायची, असं समजावलं. म्हातारीनं देवगाव फाट्याचं नाव सोडलं. पण कडूबाईला म्हणाली, "तू माज्या नजरंम्होरं बस. हलू नगंस." आणि कडूबाई बसली, खाली फरशीवर, तिच्या समोर.

एक वाजता लाईट गेली.

मशीन लाईटवर चालायचं. दोन वाजले, अडीच वाजले, तीन वाजले. साहेब दर पाच मिनिटांनी बटण दाबून बघायचे, जसं काय त्यानं येणार आहे. आमी सगळे देव पाण्यात घालून बसलेलो. मी वायरमनकडं दोनदा सायकल मारली, दुसऱ्यांदा त्याच्या पाया पडलो. इकडं म्हातारी कडूबाईला विचारायली, "तुज्या मायीची किती गेली होती, कडू ठिवलं म्हणताना?"

"चार."

"माजी तीन गेली. मंग ह्यो येडबा. ह्याचं नाव बी तसंच ठिवलंय." 

पावणेचारला ट्यूबलाईट फडफडली. सगळे एकदम उठलो. बाटलीतलं तेल तळाला गेलेलं. म्हातारीनं बोटानं निपटून टाळूवर चोळलं. साहेबांनी कांडी टेकवली. मी पडद्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. नुसतं काळं-करडं. साहेबांनी कांडी इकडं फिरवली, तिकडं फिरवली, डोकं कलतं केलं, सरळ केलं. कुठं ठिपका म्हणून नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत बघितलं.

"गेली," ते म्हणले. आणि आमचे साहेब, जे कधी दात दाखवत नव्हते, हसायलेच. "गेली हो आजी, सगळी हवा गेली!"

माझा जीव भांड्यात पडला. नुसता पडला नाही, खणकन वाजला. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. पाच वाजता पोरीनं डोळा उघडला आणि साडेपाचला कासाबाईचं बोट चोखायला लागली. म्हातारी सगळ्या वॉर्डाला ओरडून सांगायली, "चोखायलीय! चोखायलीय!" जसं काही जगात आधी कुणी चोखलंच नव्हतं. साहेब म्हणले, धोका टळला, दूध नीट ओढेल तोवर वाट बघू, पण मेंदूवर काही राहील असं दिसत नाही. त्या संध्याकाळी मला अशी भूक लागली की चार भाकरी खाल्ल्या.

कडूबाईनं मात्र काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तर ती बादली घेऊन फरशी पुसायली. मी म्हणलं, "आता कशाला? गेली ना हवा."

"हेच काम बरं हाय, भाऊ. फरशीला शीर नसती."

 हिच्या बोटांना सापडणाऱ्या शिरा आता कुणाला सापडायच्या? पुढं येणाऱ्या लेकरांना सतरा ठिकाणी टोचावं लागणार, आणि ते कुणामुळं?

आठ वाजता पोरीच्या औषधाची वेळ झाली. सलाईन काढलेलं होतं, आता मांडीत सुई द्यायची. कुसुमबाई ट्रे घेऊन गेली. मागनं साहेब, आणि सवयीनं मी. म्हातारीनं लेकरावर पदर टाकला.

"तू न्हाई. ती कडू कुठं हाय?"

कुसुमबाई गोंधळली. साहेब म्हणले, "आजी, कडूबाईंनी ते काम सोडलंय."

"सोडलंय म्हंजी? बलवा तिला!"

कडूबाई ओल्या हातानं दारात येऊन उभी राहिली. "मला नगा सांगू, आजी. माज्या हातानं काल काय झालं, इसरल्या का?"

"इसरायला मी काय येडी हाय? म्हून तर तुलाच बलवायलेय." म्हातारीचा आवाज तोच, मेंढरं वळवायचा. "ठेच लागलेलं माणूस खाली बघून चालतं. आन चूक झाकणारे लय बघितलेत मी आजवर. तू तोंडानं सांगितलंस. माज्या लेकराला टोचायचं तर तूच टोच. दुसऱ्याचा मला इस्वास न्हाई."

साहेबांनी कुसुमबाईच्या हातातला ट्रे घेतला आणि कडूबाईपुढं धरला. तिनं हात पुसले. पुन्हा पुसले. सुई उचलली आणि परत ट्रेमधी ठेवली. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, म्हातारीचं ते 'चूक झाकणारे' ऐकून मी एकदम सगळ्यांपुढं बोलून गेलो.

"आजी, साहेब, हिची एकटीची चूक नव्हती. काल नळी जोडताना हिला मी हाक मारली होती. किल्लीसाठी भांडलो. किल्ली माझ्याच खिशात होती. मी गप बसलो, आणि हिलाही गप बस म्हणलो."

 साहेब माझ्याकडं वळून बघायला लागले. कडूबाईचा हात तसाच ट्रेवर. म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मंग आता तरी गप बसा," ती म्हणाली. "तिला काम करू द्या."

कडूबाईला हसू आलं. कालपासून पहिल्यांदा. तिनं सुई उचलली, पोरीची मांडी धरली आणि टोचली, आणि पोरगी अशी भोकाड पसरून रडली की तिकडच्या खोलीतून मॅडम काय झालं म्हणून पळत आल्या.